घराचे छप्पर सौर पॅनेलास योग्य आहे काय?

मालवण तालुक्यातील वाड्यांतून हल्ली ग्रामसेवकांना हा प्रश्न वारंवार विचारला जातो. २०२४ साली केंद्र शासनाने 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली. तिच्यात एक किलोवॉटास ३० हजार, दोन किलोवॉटांस ६० हजार आणि तीन वा अधिक किलोवॉटांस ७८ हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले. तेव्हापासून पुष्कळ घरमालक आधी दर विचारतात आणि छप्पर मागाहून पाहतात. वास्तविक क्रम उलट असावयास हवा.

प्रथम छपरावरील सावली पाहावी. पॅनेलांतील घटक एकापुढे एक जोडलेले असल्याने एका झावळीची सावली एका कोपऱ्यावर पडली, तरी तेवढ्याच कोपऱ्याचे नव्हे, तर त्याहून पुष्कळ अधिक वीज-उत्पादन घटते. आपल्याकडे घर म्हणजे माडांच्या बागेतील घर. म्हणून हा विचार येथे सर्वांत महत्त्वाचा होय.

मालवण सुमारे १६ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या २२ तारखेस येथे सूर्य दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो, आणि १० फूट उंचीच्या काठीची सावली सुमारे ८ फूट पडते. (आपल्याकडे खरी मध्यान्ह घड्याळातील बारा वाजता नसून साडेबाराच्या सुमारास होते, हे ध्यानात ठेवावे.) समजा, घराच्या दक्षिणेस ६० फूट उंचीचा माड आहे आणि छप्पर १५ फुटांवर आहे. छपराच्या वर माड ४५ फूट राहिला. त्याची दुपारची सावली छपराच्या पातळीवर सुमारे ३७ फूट लांब जाईल. माड याहून जवळ असल्यास भर दुपारी पॅनेलावर सावली येणार. सकाळी नऊ वाजता हीच सावली उंचीच्या दुपटीहून अधिक लांब असते. मात्र त्या वेळचे ऊन कोवळे असल्याने नुकसान कमी होते. घराच्या उत्तरेस असलेल्या माडाची सावली फारसा उपद्रव देत नाही. मे ते जुलैमध्ये दुपारी ती दक्षिणेकडे वळते खरी, परंतु ४५ फुटांची सावली जेमतेम ६ फूट पडते.

एका वाडीत पॅनेलांसाठी दक्षिणेकडील दोन फळते माड तोडावेत काय, असे एका शेतकऱ्याने मला विचारले. मी नको म्हटले. नवा बाणवली माड फळावर यावयास सहा-सात वर्षे लागतात. पॅनेल मात्र गोठ्यावर वा खळ्याच्या मोकळ्या बाजूस लोखंडी मांडणीवरही बसते. शिवाय माड जवळ ठेवून पॅनेल त्याखाली बसविणे म्हणजे नारळ व झावळ्या काचेवर पाडून घेणे होय. केलड्यांचा उपद्रव असलेल्या गावी तर हा विचार अधिकच करावा.

यानंतर छपराचे पाहावे. एका किलोवॉटास चालण्या-फिरण्याच्या जागेसह सुमारे १०० चौरस फूट जागा धरावी. दक्षिणेकडील पाखे उत्तम; पूर्व व पश्चिम चालतात; उत्तरेकडील टाळावे. मंगलोरी कौलांच्या छपरास ओझे सोसणार नाही, अशी भीती घरमालकांना वाटते, परंतु पॅनेल व त्याची चौकट यांचे वजन चौरस मीटरला साधारण १५ किलो भरते. कौलांचे त्याहून कितीतरी अधिक असते. खरा प्रश्न वाऱ्याने उचलले जाण्याचा आहे. पॅनेल शिडासारखे वारा धरते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा कौले व पत्रे कसे उडाले, ते देवबाग-तारकर्लीकडील लोकांस सांगावयास नको. म्हणून पॅनेलाचे आकडे कौलांवर किंवा रिपांवर नव्हे, तर वाशांवर घट्ट बसले पाहिजेत. वासे बांबूचे असतील, वाळवीने पोखरलेले असतील किंवा टोचणी सहज आत शिरत असेल, तर आधी छप्पर दुरुस्त करावे. सिमेंटच्या पत्र्यांवर मनुष्याने पाय देऊ नये. तेथे पॅनेलाचा नाद सोडावा. स्लॅबच्या घरात गच्चीस भोके पाडू न देता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर मांडणी उभारावी. मात्र ठोकळ्यांचे वजन उचलणाऱ्या वाऱ्यास पुरेसे आहे, याचा हिशेब बसविणाऱ्याकडून लेखी घ्यावा. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड फार टिकत नाही. चौकट ॲल्युमिनियमची किंवा जस्ताचा जाड मुलामा दिलेल्या लोखंडाची, व नटबोल्ट स्टेनलेसचे मागावेत.

घरात महिन्यास किती युनिटे लागतात, ते वीजबिलावरून काढावे. उघाडीत एक किलोवॉट दिवसाला साधारण ४ युनिटे देतो. जून ते ऑगस्टमध्ये ढगांमुळे ती पुष्कळ घटतात. महावितरणच्या जाळ्याशी जोडलेला बिनबॅटरीचा संच, गावची वीज गेली की, सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. पावसाळ्यात दोन दिवस वीज गेल्यास ऊन असूनही घरात अंधार राहील, हे घरमालकास आधीच स्पष्ट सांगावे. ज्यांना वादळात दिवा हवा, त्यांनी बॅटरीचा खर्च वेगळा धरावा.

मृगापूर्वी बोल्ट आवळून घ्यावेत आणि तांबेरलेला एकही बोल्ट तसाच ठेवू नये.