अपघाताने धंदा बुडाला तर भरपाई कशी मागावी?

आपल्या समाजातील फार मोठा वर्ग हाताच्या कसबावर जगतो. टेलर, सुतार, गवंडी, मेकॅनिक, हातगाडीवर माल विकणारा फेरीवाला, या सर्वांचे खरे भांडवल म्हणजे त्यांचे हातपाय. रस्त्यावरील एका अपघातात हे भांडवल गेले की मोहल्ल्यातील लोक वर्गणी काढतात, नातेवाईक उसनवारी करतात आणि दवाखान्याचे बिल कसेबसे भागते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या कमाईचे काय, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. कायद्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. भरपाई ही खैरात नव्हे, तो हक्क आहे. पण तो मागावा लागतो आणि पुराव्यानिशी मागावा लागतो. म्हणून आज आम्ही या विषयाची माहिती देत आहोत.

दाखल्यावरची टक्केवारी

सर्वात मोठी फसगत होते ती येथे. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर "अपंगत्व ६० टक्के" असे लिहिलेले असते आणि जखमी माणूस समजतो की आपली कमाईही ६० टक्केच बुडाली. विमा कंपनीचा वकीलही तेच सांगतो. हे बरोबर नाही. डॉक्टर शरीराचे अपंगत्व सांगतात. त्यामुळे धंदा किती बुडाला, हे न्यायाधिकरण ठरवते.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली एका सुताराच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. सिनेमागृहातील नक्षीकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एक हात शिल्लक आहे, तेव्हा अपंगत्व पूर्ण नाही, असे मालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्या सुताराचे नुकसान शंभर टक्के धरले गेले. तो खटला कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखालचा होता. वाहन अपघातांच्या बाबतीत २०१० साली याच न्यायालयाने तेच सूत्र सविस्तर मांडले. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून, यांचे शारीरिक अपंगत्व सारखेच असेल; पण पहिल्या दोघांची रोजी जवळजवळ पूर्ण जाते, कारकुनाची नोकरी टिकू शकते.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. दाखल्यावरची टक्केवारी संपूर्ण शरीराची आहे की केवळ त्या हाताची वा पायाची, हे दाखल्यात स्पष्ट असले पाहिजे. दोन्हींत मोठा फरक पडतो.

हिशेब कसा होतो?

समजा, चौतीस वर्षांचा एक टेलर आहे. स्वतःचे छोटे दुकान, महिन्याची कमाई १५,००० रुपये. ट्रकच्या धडकेत त्याचा उजवा हात गेला. वर्षाची कमाई १,८०,००० रुपये. स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतील असेल, तर पुढील काळातील वाढ म्हणून ४० टक्के जोडतात. हे प्रमाण २०१७ च्या निकालाने ठरले. म्हणजे २,५२,००० रुपये झाले. यास वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. २००९ च्या निकालातील तक्त्यानुसार ३१ ते ३५ वयासाठी हा आकडा १६ आहे. एकूण ४०,३२,००० रुपये.

आता दाखल्यावरचे ६० टक्केच धरले, तर हातात येतील २४,१९,२०० रुपये. कात्री चालवणे आणि मशीनवर कापड सरकवणे एका हाताने होत नाही, हे सिद्ध केले तर पूर्ण रक्कम मिळू शकते. फरक १६,१२,८०० रुपयांचा आहे.

याशिवाय औषधोपचार, प्रवास, पथ्याचा आहार, उपचाराच्या काळातील बुडालेली कमाई, पुढील उपचार आणि भोगलेल्या यातना यांचीही मागणी करता येते. माणूस कायमचा परावलंबी झाला असेल, तर सेवा करणाऱ्या माणसाचा खर्चही मागावा.

कोणते कागद सांभाळावेत?

एफ.आय.आर., पंचनामा, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक औषधाची पावती आणि अपंगत्वाचा दाखला हे तर हवेतच. पण आमचे कारागीर बंधू मागे पडतात ते कमाईच्या पुराव्यात. रोजमेळ, उधारीची वही, बँकेचे पासबुक, दुकानाची नोंदणी, माल खरेदीची बिले आणि आयकर भरत असल्यास त्याची विवरणपत्रे जपून ठेवावीत. काहीच नसेल तर नेहमीचे गिऱ्हाईक आणि घाऊक व्यापारी साक्ष देऊ शकतात. कागद नाही म्हणून केवळ किमान वेतनच धरले पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्षही महत्त्वाची असते. आपण नेमके कोणते काम करत होतो, हे त्यांना अगोदर समजावून सांगावे.

अर्ज कोठे आणि केव्हा?

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. अपघात जेथे झाला तेथे, किंवा आपण जेथे राहतो वा धंदा करतो तेथेही तो करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे; पण त्या भरवशावर कोणी बसू नये.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर गंभीर जखमीस सरकारी योजनेतून ५०,००० रुपये मिळतात.

घाईची तडजोड टाळा

कोणाची चूक हे सिद्ध न करताही गंभीर जखमीस अडीच लाख रुपये देण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु विमा कंपनीशी तडजोड करून ती रक्कम स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढील दावा संपतो. किरकोळ दुखापतीत हे सोयीचे असेल. ज्याचा हातच गेला, त्याने सही करण्यापूर्वी वरचा हिशेब घरी मांडून पाहावा. लोकअदालतीत केलेल्या तडजोडीवरही अपील करता येत नाही.

दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या दलालांपासून सावध राहावे. मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मना आहे. अपंग व्यक्तीस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयात असते.

शेवटी आमचे एवढेच सांगणे आहे. अपघात सांगून येत नाही, पण वही आजपासून लिहिता येते. रोजची कमाई रोज लिहून ठेवा आणि बिले एका फाइलीत लावा. धंद्यात तर तिचा उपयोग आहेच. उद्या वेळ आलीच, तर तुमच्या बाजूने पहिली साक्ष हीच वही देईल.