नवी डिस्क आणि खात्यांची वही

आपल्या न्यासाच्या कचेरीतील हिशेब व शिष्यवृत्तीचे अर्ज आता संगणकावर राहतात. तो सांभाळणाऱ्या तरुण मंडळींस उपयोगी पडावा आणि इतर सभासदांसही समजावा, असा एक लहानसा पाठ येथे देत आहोत.

लिनक्सवर चालणारा संगणक बंद न करता त्याच्यासाठी नवी डिस्क तयार करता येते. ही डिस्क एका फोल्डराच्या ठिकाणी जोडतात व तिच्यावर सॉफ्टवेअर बसवितात. पुढे संगणक तिच्यावरून सुरू झाला की तेच फोल्डर सर्व फायलींचे मूळ होते. म्हणून त्यास पर्यायी मूळ म्हणू. काही सॉफ्टवेअरांस स्वतःचे खाते लागते. उदाहरणार्थ, ‘पोस्टग्रेस’ हा माहितीकोश बहुधा त्याच नावाच्या खात्याखाली चालतो. हे खाते जुन्या डिस्कवर उघडावयाचे की नव्या?

सभासदांच्या वहीचे उदाहरण घेऊ. मुख्य कचेरीत ११२ क्रमांकाचे सभासद एक गृहस्थ असतील, तर शाखेच्या वहीत ११२ क्रमांक दुसऱ्याच कोणाचा असेल. पावतीवर नुसता क्रमांक असेल, तर ती कोणाची हे वही पाहूनच ठरते. लिनक्सचेही असेच आहे. फाईल कोणाच्या मालकीची हे डिस्कवर नावाने नव्हे, क्रमांकाने नोंदलेले असते. क्रमांकाचे नाव ‘एटीसी’ फोल्डरातील ‘पासडब्ल्यूडी’ फाईल सांगते, आणि ही वही प्रत्येक डिस्कवर निराळी असते. ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचा क्रमांक सर्वत्र ० असतो. इतर खात्यांचा तसा भरवसा नाही.

अर्जांचा कोश हलविताना आमच्या हातून हीच चूक झाली. जुन्या वहीत पोस्टग्रेस ११२ होता, नव्या वहीत १०५. आम्ही बाहेरूनच, नावाने, मालकी लावली. फायलींवर ११२ उमटले. नव्या डिस्कवर ११२ हे टपालसेवेचे खाते होते! पोस्टग्रेसने परक्या मालकीचा कोश उघडण्यास नकार दिला. त्याहून वाईट हे की, मुलांच्या घरची मिळकत नोंदलेले कागद भलत्याच खात्याच्या ताब्यात गेले.

म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. खाते नव्या वहीतच उघडावे. ‘यूझरअ‍ॅड’ या कमांडीस ‘--रूट’ हा पर्याय व त्यापुढे नव्या फोल्डराचा मार्ग द्यावा. मग ती त्या फोल्डरासच मूळ मानते व तेथील नियम वाचते. निराळ्या जातीच्या प्रोसेसरासाठी डिस्क तयार करावयाची असेल, तर ‘--प्रिफिक्स’ हा पर्याय आहे. तो आत न शिरता तेथील वह्या बदलतो.

२. खाते आधी, फायली नंतर. ‘आरपीएम’ पद्धतीत मालकाचे नाव सापडले नाही, तर इशारा देऊन फायली रूटच्या नावे केल्या जातात. हा इशारा नजरेआड करू नये.

३. मालकी बदलणे झाल्यास ‘सीएचरूट’ने नव्या मुळाच्या आत जाऊन बदलावी, किंवा नव्या वहीतील क्रमांक पाहून क्रमांकानेच लावावी.

४. शेवटी ‘एलएस -एन’ ही कमांड चालवावी. ती नावांऐवजी क्रमांक दाखविते. ते नव्या वहीशी ताडून पाहावेत.

ही पडताळणी होऊन नव्या डिस्कवरून काम सुरळीत चालेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये. आमचे अर्ज वाचले ते जुनी डिस्क जपून ठेवली होती म्हणूनच.