सेवा-अभ्यास : प्रवचनाचा व्हिडिओ अडखळू नये म्हणून फाइल कशी तयार करावी



बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या आपल्या केंद्रांवर बऱ्याचदा प्रवचन टीव्हीवर किंवा पडद्यावर लावलं जातं. फाइल मोबाइलवर येते, कोणीतरी ती लॅपटॉपवर घेतं आणि सुरू करतं. मग मध्येच चित्र थांबतं, आवाज पुढे जातो. तरुण मंडळी म्हणतील, त्यात काय, परत लावू. पण कमी ऐकू येणाऱ्या आजी ओठांच्या हालचालीवरून शब्द धरत असतात. ओठ आणि आवाज यांची फारकत झाली की त्यांचं प्रवचन तिथंच संपतं. बस धरून आलेल्या, गुडघे दुखत असताना बसलेल्या माणसाचा तो दिवस वाया जातो. म्हणून तांत्रिक सेवा करणाऱ्यांनी हा विषय एकदा नीट समजून घ्यावा.

*आधी थोडं समजून घेऊ*

फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले तर एक चित्र सुमारे ६ एमबीचं होतं. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे साधारण १५५ एमबी. दीड तासाचं प्रवचन ८०० जीबीच्या वर जाईल! म्हणून व्हिडिओ आवळून ठेवतात आणि लावताना उलगडतात. आवळण्या-उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात.

जत्रेतल्या तंबूतला सिनेमा आठवा. त्या रिळात सेकंदाला २४ चित्रं, आणि प्रत्येक चित्र पूर्ण. त्यामुळे दीड तासाच्या सिनेमाला ८००० फुटांहून जास्त फिल्म लागायची. २००३ साली आलेला एच.२६४ हा कोडेक वेगळं करतो. एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत जेवढं बदललं तेवढंच लिहितो. सद्गुरू बोलत असताना मागची भिंत हलत नाही, मग ती परत परत कशाला साठवायची? फाइल लहान होते, पण लावताना मशीनला प्रत्येक चित्र हिशेब करून पुन्हा उभं करावं लागतं.

हा हिशेब दोन ठिकाणी होऊ शकतो. एक, मुख्य प्रोसेसरमध्ये, ज्याच्या अंगावर आधीच घरभरची कामं असतात. दोन, ग्राफिक्स चिपमधल्या खास याच कामासाठी बनवलेल्या भागात. दुसऱ्या प्रकाराला हार्डवेअर ॲक्सिलरेशन म्हणतात. इंटेलचा ‘क्विक सिंक’ हा असा भाग २०११ मध्ये आला. त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक लॅपटॉपवर एच.२६४ सहज चालतं.

२०१३ चा एच.२६५ फाइल आणखी लहान करतो आणि आजचे अनेक मोबाइल त्यातच रेकॉर्डिंग करतात. पण इंटेलच्या सहाव्या पिढीआधीच्या, म्हणजे २०१५ पूर्वीच्या चिपमध्ये तो पूर्ण उलगडणारा भाग नाही. नातवाच्या फोनवर छान चालणारी फाइल केंद्रातल्या जुन्या लॅपटॉपवर अडकते ती यामुळे. *ज्या मशीनवर लावायचं, त्याला पेलेल अशी फाइल आधीच करून ठेवायची*, एवढंच सूत्र लक्षात ठेवा. पंगत बसल्यावर कोणी कणीक मळायला घेत नाही.

*फाइल करण्याची कृती*

‘हँडब्रेक’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या.

१) फॉरमॅट एमपी४ ठेवा.

२) व्हिडिओ एन्कोडर एच.२६४ (एक्स२६४) निवडा. घाई असेल तर क्विक सिंक किंवा एनव्हिडियाचा एनव्हीएनसी घ्या. काम लवकर होतं, पण तेवढ्याच आकारात चित्र थोडं कमी स्वच्छ येतं. लावताना दोन्ही फाइली हार्डवेअरवरच चालतात. रात्र हाताशी असेल तर एक्स२६४ बरा. ‘१०-बिट’ लिहिलेला पर्याय घेऊ नका. एच.२६४ चा तो प्रकार बहुतेक चिपना उलगडता येत नाही.

३) फ्रेमरेट मूळ फाइलला जवळचा, २५ किंवा ३०, आणि पुढे ‘कॉन्स्टंट’ निवडा. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये हा वेग कमी-जास्त होत असतो. ओठ आणि आवाज वेगळे पडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

४) सरासरी बिटरेट ५००० ठेवा. आवाज धरून दीड तासाची फाइल साधारण साडेतीन जीबी होते. ८००० ठेवला तर साडेपाच जीबी होईल, आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही.

५) एक्स२६४ घेतला असेल तर जादा पर्यायांच्या चौकटीत ‘कीइंट=५०’ हे इंग्रजी अक्षरांत लिहा. २५ च्या वेगात दर दोन सेकंदांच्या आत एक पूर्ण चित्र येतं. लाइट जाऊन आली की नेमक्या वाक्यावर पटकन परत जाता येतं.

६) कन्नड भाषिक बंधू-भगिनींसाठी खाली ओळी द्यायच्या असतील तर त्या चित्रातच उमटवून घ्या (बर्न इन). वेगळी फाइल दिली आणि टीव्हीत कन्नड अक्षरं नसली, तर नुसत्या चौकटी दिसतात.

*लावताना*

फाइल लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवून घ्या. व्हीएलसीमध्ये हार्डवेअर डिकोडिंग ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली ‘व्हिडिओ डिकोड’ची रेघ बघा. ती हलत असेल आणि सीपीयू शांत असेल, तर सगळं ठीक.

*एलईडी वॉल असेल तर*

मोठ्या उत्सवात भजनी मंडळाच्या मागे ज्योतीची दोन मिनिटांची क्लिप सारखी फिरवतात, कधी एकाच वेळी दोन-तीन क्लिपा लागतात. त्यासाठी ‘हॅप’ नावाचा कोडेक आहे. विडवॉक्स कंपनीच्या पाठबळावर टॉम बटरवर्थ यांनी तो बनवला. यात तंबूतल्या रिळासारखं प्रत्येक चित्र पूर्ण असतं आणि ग्राफिक्स चिपला थेट वाचता येईल अशाच रूपात ठेवलेलं असतं. प्रोसेसरला फारसं काम उरत नाही, कुठल्याही चित्रावर झटकन उडी मारता येते. पण फुल एचडीला सेकंदाला २६ एमबीपर्यंत जागा लागते, दीड तासाला १४० जीबी! शिवाय एसएसडी आणि हॅप ओळखणारं सॉफ्टवेअर हवं. म्हणून छोट्या क्लिपांना हॅप, प्रवचनाला एच.२६४.

*या आठवड्याचा अभ्यास :* प्रत्येक केंद्रातल्या एका सेवेकऱ्याने पाच मिनिटांची फाइल वरच्या कृतीने तयार करावी, केंद्रातल्याच लॅपटॉपवर आणि टीव्हीवर लावून बघावी, आणि आवाज-ओठ जुळतात का ते शेवटच्या रांगेत बसून तपासावं. लॅपटॉपचं मॉडेल आणि काय झालं ते ग्रुपवर दोन ओळींत कळवा. उत्सवाच्या आदल्या रात्री मात्र पूर्ण फाइल एकदा शेवटपर्यंत चालवून बघायची, हे विसरू नका.

जय गुरुदेव 🙏