धनुर्मासातला घोड्याचा खुराक

प्रश्न : माझी घोडी वरातीची. धनुर्मासात लग्नं थांबतात, ती दावणीलाच असते. थंडी म्हणून चंदी वाढवू का?
– एक वाचक, येवला

उत्तर : उलट करा. चंदी निम्म्यावर आणा, वैरण वाढवा. वैरण मोठ्या आतड्यात आंबते तेव्हा ऊब तयार होते. हरभऱ्याने तेवढी होत नाही. घोडी ३५० किलोची धरली, तर दिवसाला सहा-सात किलो कोरडी वैरण लागेल. ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, जोडीला थोडा लसूणघास. बदल मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू करा.

बसून असलेल्या जनावराला पूर्ण चंदी दिली आणि मग एकदम वरातीत नाचवलं, की मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक होतात, लघवी तांबडी-काळी होते. असं दिसलं तर घोडी जागेवरून हलवू नका, डॉक्टरांना तिथेच बोलवा. खुरांना सूज येते तीही अनेकदा जास्त दाण्याने. हे होऊ नये म्हणून घोडी धडधाकट असताना रोज अर्धा-पाऊण तास चालवाच.

तुमच्याकडे मका मुबलक. पण बुरशी धरलेलं एकही कणीस नको. त्या विषाने घोड्याचा मेंदू सडतो आणि त्यावर उपचार नाही. गाईने खाल्लं, काही झालं नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

गार पाणी घोडी कमी पिते, मग कोरड्या कडब्याने पोट गच्च होऊन शूळ उठतो. पाणी कोमट द्या, खुराकात मूठभराहून कमी मीठ. गूळ सध्या बंद. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर लागाव्यात. लग्नसराईच्या दहा दिवस आधी चंदी पुन्हा चढवायला लागा.