२६ जानेवारीची दौड : तयारी आतापासून

“डॉक्टर, यंदा आम्ही घरचे सगळे मिळून दौडीत धावणार आहोत. काही त्रास तर होणार नाही ना?” डिसेंबर उजाडला की दवाखान्यात हा प्रश्न सुरू होतो. प्रजासत्ताकदिनी सकाळी शाळेच्या मैदानापासून तलावापर्यंत आणि परत, अशी पाच किलोमीटरची हौशी दौड आमच्या गावात होते. पहिल्या नंबरासाठी धावणारी पोरे दहा-पंधरा. बाकी सारे आपल्यासारखे, म्हणजे नातवाचा हात धरून निघालेले आजोबा, भिशीतल्या मैत्रिणी, आणि वर्षभर स्कूटरवरून न उतरलेले गृहस्थ.

गेल्या वर्षी आम्हीही सहकुटुंब गेलो होतो. मी, सौ., दोन्ही मुली, मुंबईहून आलेले साडू, ७१ वर्षांची आई आणि माझे एक वर्गमित्र. मित्राचे वय ५४. तंबाखू आहे, रक्तदाबाची गोळी आठवणीने आठवड्यातून चार दिवस. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांनी आदल्या रात्री जेवताना पैज लावली, “बाबा, तलावाच्या आधी तुम्ही बसणार.” बाबा बसले नाहीत. मुलाच्या पुढे गेले.

परत आल्यावर आमचे साडू रेषा ओलांडताच थबकले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि दोन मिनिटांत पांढरेफटक होऊन कोसळले. एकच धावपळ उडाली. कोणी कांदा आणा म्हणाले, कोणी चप्पल. मी त्यांना उताणे झोपवले, पाय एका पोत्यावर उंच ठेवले, गर्दी मागे सारली. मिनिटभरात डोळे उघडून त्यांनी विचारले, “माझा बूट कुठे आहे?”

ही चक्कर बहुधा निरुपद्रवी असते. धावताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. आपण एकदम थांबलो की हा पंप बंद पडतो, रक्त पायांतच साचते आणि मेंदूला कमी पोहोचते. म्हणून शेवटची रेषा ओलांडल्यावर पाच-दहा मिनिटे सावकाश चालत राहावे. संयोजकांनाही नम्र विनंती आहे की धावून आलेल्यांना प्रमुख पाहुण्यांच्या भाषणासाठी रांगेत ताटकळत उभे करू नये. मात्र धावता धावताच, पळण्याच्या भरात कोणी कोसळले, तर ती साधी चक्कर समजू नये.

साडूंभोवती सगळे जमलेले असताना माझे मित्र शाळेच्या पायरीवर एकटेच बसले होते. सौ.चे लक्ष गेले. तिने वडापावाची बशी पुढे केली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटले. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “अहो, वडापावाला नाही म्हणणारा हा माणूस नव्हे. जरा बघा.” मी गेलो. थंडीतही कपाळावर घाम होता. छातीत दुखते का विचारले तर म्हणाले, “दुखत नाही रे, जरा भरल्यासारखं वाटतंय. जबडा अवघडलाय. पित्त असेल, रात्री उशिरा जेवलो. घरी जाऊन पडतो.” आणि खिशातून स्कूटरची किल्ली काढली.

ती किल्ली मी काढून घेतली. तिथेच बसवून १०८ ला फोन केला. दवाखान्यात काढलेल्या कार्डिओग्रामवर हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन दुपारच्या आत त्यांची अँजिओप्लास्टी झाली. ते आज उत्तम आहेत. पण त्या सकाळी गाजावाजा झाला तो चकरेचा, आणि खरा धोका पायरीवर गप्प बसला होता. छातीत दडपण, जबडा, खांदा, डाव्या हाताकडे किंवा पाठीत पसरणारे अवघडलेपण, न शोभणारा घाम, मळमळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांतले काहीही दिसले तर पित्ताची चर्चा नंतर करावी. त्या माणसाला चालवू नये, गाडी चालवू देऊ नये. स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात तर छातीत दुखल्याशिवायही झटका येतो.

म्हणजे धावूच नये का? मुळीच नाही. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांना जोरदार श्रमांनंतरच्या तासाभरात झटका येण्याची शक्यता एरवीच्या शंभरपटीहून अधिक वाढते. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत ती वाढ जेमतेम अडीचपट होती. (मुळात एका तासातला धोका अगदी क्षुल्लक असतो, म्हणून पटींनी घाबरून जाऊ नये.) घात करते ते धावणे नव्हे. वर्षभर बसून राहायचे आणि एका सकाळी पैजेने पळायचे, हे घात करते.

आज आपल्या हातात सहा आठवडे आहेत. पाच किलोमीटरसाठी ते पुरतात. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास नुसते झपझप चालावे. तिसऱ्या आठवड्यापासून चार मिनिटे चालणे आणि एक मिनिट हळू धावणे, असे सहा वेळा. पाचव्यापर्यंत चालणे-धावणे निम्मे निम्मे झाले तरी पुष्कळ. शेवटचा आठवडा हलकाच ठेवावा. आदल्या दिवशी “सराव राहिलाय” म्हणून दामटून पळणारे लोक दुसऱ्या दिवशी लंगडत येतात. वेग किती, हे समजायला घड्याळ नको. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की चालायला लागावे. म्हणून तर मित्रमंडळींबरोबर धावावे, गप्पा हेच आपले यंत्र!

बूट नवे घेणार असाल तर आजच घ्या. दौडीच्या दिवशी घातलेला कोरा बूट दुसऱ्या किलोमीटरला टाचेला फोड आणतो. आमच्या भिशीतल्या भगिनी चपलांवर धावतात, त्यांना माझे सांगणे आहे की घरातल्या मुलाचे मापाचे कॅनव्हासचे बूट मागून घ्या, पण चप्पल नको. लहान मुले आरंभीच सुसाट सुटतात आणि दमली की बसतात. ते त्यांचे बरोबर आहे. त्यांना हाताला धरून फरफटत नेऊ नये. माझ्या आईने गुडघ्यांमुळे दोनच किलोमीटर चालून परत फिरायचे ठरवले होते, आणि आमच्यापैकी ठरवल्याप्रमाणे वागणारी ती एकटीच निघाली.

सकाळी पोट तुडुंब नको, अगदी रिकामेही नको. तासभर आधी एखादे केळे आणि पेलाभर पाणी पुरे. थंडीत पाच किलोमीटरला वाटेत तहान लागली तरच घोटभर प्यावे. तांब्याच्या तांबे पाणी ढोसल्याने रक्तातले मीठ पातळ होऊन उलट त्रास होतो. अंगदुखीची गोळी आधीच घेऊन पळू नये, मूत्रपिंडांवर ताण येतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डोसाविषयी आधी विचारावे आणि खिशात तीन-चार चमचे साखर पुडीत बांधून ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, की थांबून ती खावी. ताप किंवा सर्दी छातीत उतरली असेल तर त्या वर्षी टाळ्या वाजवायला उभे राहावे.

प्रत्येक घोळक्यात एकाला तरी छाती दाबण्याची पद्धत यायला हवी. कोणी कोसळला, हाक मारून हलवूनही जागा होत नाही, श्वास नीट चालत नाही, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, सुमारे दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचे. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. कांदा आणि चप्पल घरी राहू द्यावेत.

चाळिशी उलटलेल्यांपैकी ज्यांना रक्तदाब, मधुमेह, तंबाखू-विडी, घरात कोणाला लवकर हृदयविकार किंवा जिना चढताना छाती भरून येणे यांपैकी काही आहे, त्यांनी तपासणी याच आठवड्यात करून घ्यावी. २५ तारखेला संध्याकाळी येऊन “उद्या धावू का?” असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर ठरलेले आहे, “चाला.”