निकाह तुटतो, आईबापपण तुटत नाही

पवित्र कुरआनच्या सूरह अल्-बकरामध्ये तलाकचे नियम सांगत असतानाच दूधपित्या मुलाचा विषय येतो (२:२३३). या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे आणि आईच्या अन्नवस्त्राचा भार ऐपतीप्रमाणे पित्यावर टाकला आहे. मुलाच्या निमित्ताने आईला त्रास होऊ नये, तसाच बापालाही होऊ नये, असे येथे बजावले आहे. दूध लवकर तोडायचे झाले, तरी ते दोघांनी परस्परसंमतीने व सल्लामसलतीने ठरवावयाचे आहे.

या शेवटच्या आदेशावर आपण क्षणभर थांबले पाहिजे. ज्या दोघांना एका छपराखाली राहणे अशक्य झाले, त्यांनाच अल्लाह एकमेकांचा सल्ला घ्यावयास सांगतो. निकाह संपू शकतो. आईबापपण संपत नाही.

न्यायालयाने घातलेली अट

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात हाच मुद्दा कायद्याने हाती घेतला आहे. तेथे अल्पवयीन मुले असलेल्या जोडप्याचे घटस्फोटाचे प्रकरण न्यायालयात गेले की दोघांनाही किमान चार तासांचा पालक-शिक्षण वर्ग पूर्ण करावा लागतो. अर्ज करणाऱ्याला अर्जाच्या तारखेपासून ४५ दिवसांची मुदत असते, तर दुसऱ्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांची. दोघांनी एकाच वर्गात शेजारी बसावे, अशी सक्ती नाही. सबळ कारण असल्यास न्यायालय सूट देते. मात्र विनाकारण टाळाटाळ केल्यास तो न्यायालयाचा अवमान ठरू शकतो व मुलाच्या सहवासाचा हक्कही अडचणीत येऊ शकतो.

मोडलेला संसार पुन्हा जोडणे, हा या वर्गाचा विषय नाही. विभक्त होण्याचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, मुलांविषयीचे निर्णय कसे घ्यावेत, खर्चाची जबाबदारी कोणाची, छळ व हेळसांड कशी ओळखावी, हे तेथे शिकविले जाते.

परक्या देशातील न्यायालयाचा हा नियम आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या कर्तव्याची आठवण तेथे सक्तीने करून द्यावी लागते, ते आपल्यावर इबादतीइतक्याच गांभीर्याने सोपविलेले आहे.

हजरत आसिम यांचा प्रसंग

इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता'मध्ये एक प्रसंग नोंदविलेला आहे. हजरत उमर (र.) यांचा एका अन्सारी पत्नीशी तलाक झाला होता. तिच्यापासून झालेला मुलगा आसिम कुबा येथे मशिदीच्या अंगणात खेळताना त्यांना दिसला. त्यांनी त्याचा हात धरून त्याला आपल्या वाहनावर बसविले. इतक्यात मुलाची आजी आली व तिने त्यांना अडविले. वाद खलीफा हजरत अबू बक्र (र.) यांच्यापुढे गेला. मूल तिच्यापाशीच राहू द्यावे, असा निर्णय झाला आणि हजरत उमर (र.) यांनी त्यावर अवाक्षर काढले नाही. त्यांच्यासारखा करारी पुरुष मुलाच्या हितापुढे मान झुकवितो, हे आपल्यासाठी पुरेसे उदाहरण आहे.

पुढे फुकहांनी हजानतीचे, म्हणजे मुलाच्या संगोपनाचे, तपशील ठरविले. हनफी मतानुसार मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत आईचा हक्क अग्रक्रमाचा आहे. कोकणात प्रचलित असलेल्या शाफई मतानुसार मुलाला समज आल्यावर, म्हणजे साधारण सातव्या वर्षी, त्याची निवड विचारली जाते. मूल कोणाकडेही असो, त्याच्या खर्चाची मूळ जबाबदारी पित्याचीच राहते.

आपल्या घरांत

तलाकच्या बैठकीत आपण मेहरचा हिशेब करतो, इद्दतीचे दिवस मोजतो, दागिने व भांडी परत करतो. मुलाचे काय, हा प्रश्न बहुधा बैठक उठताना निघतो. मग बाप खर्च थांबवून सूड घेतो, आई भेट थांबवून. दोघेही एकाच आयतीचे उल्लंघन करीत असतात. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

१. मुलासमोर त्याच्या आईची वा बापाची निंदा करू नये. निंदा गीबत तर आहेच. शिवाय ती मुलाच्या स्वतःच्या अर्ध्या नात्यावरचा घाव असतो.

२. मुलाला निरोप्या वा हेर बनवू नये. फी भरावयाची असेल तर बापाला मोठ्यांनी कळवावे.

३. खर्च आणि भेट यांची सांगड घालू नये. एकाने कर्तव्य चुकविले म्हणून दुसऱ्याचे कर्तव्य माफ होत नाही.

४. भेटीचे दिवस, शाळा, दवाखाना, ईदची सुट्टी हे दोन साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवावे.

५. जेथे मारहाण वा छळ असेल, तेथे सबुरीचा उपदेश करीत बसू नये. मुलाची सुरक्षितता आधी पाहावी.

आपल्याकडे १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. परंतु त्याआधी मोहल्ल्याच्या जमातीला बरेच करता येईल. तलाकचा कागद पुढे आला की इमामांनी व जबाबदार मंडळींनी दोघांना, हवे तर वेगवेगळे, बसवून ही एक आयत अर्थासह समजावून द्यावी. त्यासाठी चार तासही लागणार नाहीत.

मूल ही आपली मालमत्ता नव्हे, ती अल्लाहची अमानत आहे, आणि अमानतीचा जाब दोघांनाही स्वतंत्रपणे द्यावा लागणार आहे. विभक्त झालेल्या आईबापांना अल्लाह आपल्या मुलांविषयी न्यायाने व दयेने वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.