होकायंत्र जेथे दिशा दाखवीत नाही

चुंबकसूची नेहमी उत्तर दिशा दाखविते, असे विद्यार्थी पाठ म्हणतात. हे विधान आपल्या गावी चालते. ध्रुवप्रदेशात ते टिकत नाही.

पृथ्वीचे चुंबकीय बल सर्वत्र क्षितिजसमांतर नसते. विषुववृत्तानजीक ते जवळजवळ आडवे असते. उत्तरेकडे जावे तसतसे ते खाली कलत जाते आणि उत्तर चुंबकीय ध्रुवावर सरळ जमिनीत शिरते. 1831 साली जेम्स क्लार्क रॉस या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने उत्तर कॅनडातील बूथिया द्वीपकल्पावर सूचीचा कल मोजला, तो 89 अंश 59 कला इतका भरला. ध्रुवाजवळ हे बल विषुववृत्ताजवळच्या बलाच्या सुमारे दुप्पट असते. तरीही साधे होकायंत्र तेथे निकामी ठरते, कारण सूचीला आडवे फिरविणारा अंशच उरत नाही. येथे मुले ‘बल क्षीण झाले’ असा निष्कर्ष हमखास काढतात. तो तत्काळ दुरुस्त करावा.

हा ध्रुव भौगोलिक ध्रुवाहून निराळा, शिवाय फिरता आहे. पृथ्वीच्या गाभ्यातील वितळलेल्या लोहाच्या हालचालींमुळे तो सरकतो. 1904 साली आमुंडसेन यांना तो रॉस यांच्या स्थानी आढळला नाही. आज तो आर्क्टिक महासागरात, सायबेरियाच्या रोखाने सरकत आहे.

वर्गात हे दाखविण्यास खर्च नाही. शिवणाची सुई मध्यावर दोरा बांधून आडवी टांगावी. तोल साधल्यावर गाठ डिंकाने पक्की करावी व मगच सुई चुंबकावर एकाच दिशेने घासावी. पुन्हा टांगताच तिचे उत्तरेकडील टोक किंचित खाली कलते. क्रम उलटला, तर मुले सुई आडवी होईपर्यंत दोरा सरकवितात आणि कल नाहीसा होतो.